मानशीचे दार आणि मासळीचा लिलाव

मत्स्यशेती करणारा शेतकरी पाणी का जपतो? या प्रश्नाचे सरकारी उत्तर ठरलेले असते. त्याला प्रशिक्षण द्यावे, थोडे अनुदान द्यावे, जागृती करावी, म्हणजे तो पाणी जपू लागेल. खाजणांचा इतिहास वाचायला घेतल्यापासून मला हे उत्तर अपुरे वाटत आले आहे. आपल्या किनाऱ्यावर एकाच बांधाआड भात आणि मासे घेणारे लोक शेकडो वर्षे पाण्याची अतिशय कडक शिस्त पाळत होते. त्यांना कुणी शिबिरात बसवले नव्हते. त्यांच्याच नातवंडांनी त्याच बांधांवर ही शिस्त एका पिढीत मोडली. अज्ञान हे कारण धरले तर आजोबा शहाणे आणि नातू अडाणी, असे काहीतरी म्हणावे लागेल. मला कारण दुसरीकडे दिसते. बांध फुटला तर बुडणार कोण, आणि मासळीचा पैसा पडणार कुणाच्या पदरात, या दोन प्रश्नांना जोवर एकच उत्तर होते तोवर पाणी जपले गेले.

घाटावरच्या वाचकासाठी खाजण म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांना मुखाकडे उतार जवळजवळ नाही. भरतीचे पाणी त्यांच्यातून कित्येक मैल आत शिरते. श्रावणात जी नदी गोडी असते, तीच चैत्रात खारट होते. काठची खारफुटीची दलदल भरतीच्या पातळीपेक्षा सखल असते. तिला चिखल, पेंढा आणि बांबू यांचा बांध घालायचा, बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाचे कवच द्यायचे, आणि बांधाबाहेर खारफुटीचा एक पट्टा मुद्दाम राखायचा. लाटांचा पहिला मार तो पट्टा खातो. आत जी जमीन तयार होते ती खाजण. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे, आणि राज्याच्या भातशेतीचा मोठा हिस्सा एके काळी तीत होता.

या सगळ्या रचनेचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधात बसवलेला दगडी मार्ग आणि त्याला मट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाची झडपेसारखी दारे. भरती आली की बाहेरचे पाणी दारे दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साचलेले पाणी तीच दारे ढकलून बाहेर पडते. दारावर माणूस नसला तरी चंद्राच्या हिशेबाने दिवसातून दोनदा हे घडत राहते. मानशीच्या आत एक खोलगट जागा राखलेली असते, तिला पोंय म्हणतात. शेतांचा उतार पोंयीकडे. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन पोंयीत उतरले, तिथून मानशीवाटे नदीत गेले, की मग कोरगुट किंवा आसगो हे खारे सोसणारे भात पेरायचे. कापणी झाल्यावर उरलेल्या महिन्यांत पोंय आणि तिच्या लगतचा सखल भाग मासळीचा. काही गावांत तिथेच मिठागरे मांडली जात.

मासळी येते कशी, हे पाहिल्यावर भांडणाचे मूळ कळते. कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, उथळ निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि मोठी होऊन ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात. दारांच्या फटींतून, किंवा थोडा वेळ दार उचलून धरले तर त्यातून, ही पिल्ले पोंयीत शिरतात. परतीच्या वाटेवर, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, ओहोटी चालू असताना मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावले की कोळंबी, शेवटे, चोणक आपसूक हाती लागतात. आता दार भरतीच्या वेळी जितके जास्त उघडे राहील तितकी पिल्ले जास्त, मासळी जास्त. पण तेवढेच खारे पाणीही जास्त. पोंय भरून ते शेतात चढले तर पुढचे दोन-तीन पावसाळे त्या मातीत भात नीट येत नाही. शिवाय एवढ्याशा तोंडातून पाण्याचा लोंढा वरचेवर आत-बाहेर झाला, की मानशीच्या बुडाची माती खरवडली जाते आणि एका उधाणात अख्खा बांध जातो. भाताला दार बंद हवे, मासळीला उघडे. दार एकच.

ही तारेवरची कसरत किती जुनी? फोंड्याजवळच्या बांदिवडे गावी कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा राजाचा एक ताम्रपट सापडला. अक्षरवळणावरून तो सहाव्या-सातव्या शतकातला धरतात. हस्त्यार्य नावाच्या ब्राह्मणाला दिलेल्या जमिनीचे हे दानपत्र आहे. त्यात ‘खज्जन’ हा शब्द आहे, आणि बांध घालून खारे पाणी अडवून जमीन लागवडीला आणण्याची गोष्ट आहे. म्हणजे आज पेडण्यापासून सासष्टीपर्यंत जो शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आहे तो निदान तेराशे वर्षे तरी इथे नांदतो आहे. राजा दान देतो आहे ते तयार शेताचे नाही. दलदलीचे देतो आहे आणि बांधाचे काम घेणाऱ्यावर सोपवतो आहे, हे मला त्या ताम्रपटात सर्वांत बोलके वाटते.

पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था गावकरीच्या रूपात मुरलेली होती. त्यांचा महसूल अधिकारी अफोंसो मेशिया याने 1526 साली गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखी करून घेतले. त्या फोरालमध्ये सुरुवातीलाच एक जुनी समजूत नोंदवली आहे: कुणी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी तिथली जमीन कसदार केली, तिला पाण्यापासून सुरक्षित केले, आणि गाव वसवल्यामुळे ते गावकरी ठरले. आख्यायिका खरी असो वा नसो, जमिनीवरचा हक्क ती कशातून काढते ते पाहण्याजोगे आहे. तलवारीतून नाही, राजाच्या शिक्क्यातूनही नाही. बांधातून.

पुढे गावकरीला कोमुनिदाद हे पोर्तुगीज नाव मिळाले. 1904, 1933 आणि 1961 अशा तीन वेळा तिच्या संहिता झाल्या. खाजणांपुरते पाहिले तर बांधांच्या देखभालीसाठी शेतकऱ्यांचे भौंस नावाचे संघ होते. कुठली शेते कुठल्या बांधाच्या भरवशावर आहेत यावरून त्यांची हद्द ठरे. बांधाला भोक पडलेले दिसले की ते भौंसाचे काम. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची मात्र दर साल पावणी होई, म्हणजे लिलाव. जो जास्त बोली लावील त्याला जाळे लावायला मिळे. ही रक्कम गावाच्या खात्यात जमा होई आणि तिच्यातून बांधाची दुरुस्ती निघे. मासळीचा ठेकेदार गावाला नकोसा कधीच नव्हता. त्याच्याच पैशातून चिखल, दगड आणि मजुरी भागत होती. फक्त त्याला दार देणाऱ्या लोकांचे भात त्याच दाराआड उभे होते. त्याने एक रात्र दार जास्त उचलले तर सकाळी शेताच्या कडेला मिठाचा पांढरा थर दिसणार, आणि पुढच्या पावणीत त्याला बोली लावू द्यायची की नाही ते ठरवणारे लोक तो थर पाहणार.

या जुन्या गावकरीचे गोडवे गाण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. मी त्यात सामील नाही. गावकरीचे सभासदत्व वडिलांकडून मुलाकडे जाई. बायकांना त्यात जागा नव्हती. डोक्यावरून चिखल वाहणारे हात बहुतेक गावडा-कुणब्यांचे होते, आणि वाटा घेणारी घरे वेगळी. गावकरी टिकली ती भलेपणामुळे नाही. बांध फुटला तर वाटा घेणाऱ्यांचाही वाटा बुडत होता, म्हणून टिकली.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. 1964 साली कूळ कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक ठरला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला त्याला जमीन मिळाली, हे न्याय्यच झाले. बांधांची आणि मानशींची जबाबदारीही कोमुनिदादींकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि मासळीची पावणी हे संघच करू लागले. कागदावर पाहिले तर भात आणि मासळी पुन्हा एकाच हाती आलेली. पण याच काळात दुसरे काहीतरी घडत होते. खाणी, सरकारी नोकऱ्या, आखातातली कामे, मग पर्यटन. खाजणातल्या भाताला मजूर मिळेना आणि मिळाला तर परवडेना. शेत पडीक राहिले तरी कुळाचे नाव संघाच्या यादीत राहिले आणि पावणीतला हिस्साही राहिला. पाच-सहा घरे भात करतात, पन्नास घरे फक्त मासळीचा पैसा घेतात, असा संघ दाराबद्दल काय निर्णय घेईल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

मग सुरू झाल्या त्या तक्रारी गोव्याच्या वर्तमानपत्रांत गेली कित्येक वर्षे छापून येत आहेत: ठेकेदाराने दारे उचलून ठेवली, दुरुस्ती मुद्दाम लांबवली, बांध आपोआप फुटला की फोडला. खारे पाणी एकदा शेतात शिरले की ती जमीन मासळीच्याच कामाची उरते, म्हणजे बांध फुटण्यातच कुणाचा तरी फायदा होतो. उरलेला भात करणारा माणूस या गणितात एकटा पडतो. त्याला पाणी राखण्याचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? त्याचे शेजारी त्याच्याइतकेच जाणकार आहेत. त्यांचे तिथे आता काही उभे नाही, एवढाच फरक.

रायगडात खाजणाला खार म्हणतात, मानशीला उघाडी, बांध फुटण्याला खांड. अलिबाग आणि पेण तालुक्यांतल्या, धरमतरच्या खाडीलगतच्या, खारेपाटाची कथा गोव्याहून थोडी वेगळ्या वाटेने जाते. इथे शिलोत्री नावाचा धारा होता. ज्याने भांडवल घालून समुद्राकडचा बांध घातला तो शिलोत्रीदार. त्याबद्दल तो आतल्या शेतकऱ्यांकडून दर बिघ्यामागे ठरावीक भात घेई आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध राखणे त्याच्यावर असे. ही बांधाची वर्गणीच झाली, फक्त ती एका घराण्याच्या कोठारात जाई. आतले लहान बांध गावकी राखी. जोळ नावाच्या व्यवस्थेत शेताच्या प्रमाणात प्रत्येक घराने माणूस किंवा पैसा द्यायचा. उधाणाच्या रात्री हाक आली की टोपली-फावडे घेऊन धावायचे. खारेपाटातल्या वृद्धांशी बोलताना माझ्या लक्षात आले की ‘जोळ’ हा शब्द ते बांधासाठीही वापरतात, संघासाठीही आणि त्या कामासाठीही.

खोतांच्या जमिनीवर हा व्यवहार जुलमाचा झाला होता. 1933 साली चरी इथे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो सुमारे सहा वर्षे निभावला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी होते. या संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, त्यात शिरत नाही. माझ्या विषयापुरती गोष्ट अशी की 1948 च्या कूळ कायद्यानंतर शिलोत्रीदार आणि खोत दोघेही मागे सरले, आणि बाहेरचा बांध कुणाचा हा प्रश्न मोकळा पडला. त्याच वर्षी मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला. पुढे 1979 साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. सरकारी योजनेतला बांध सरकारने राखायचा असे ठरले. सरकारी बांध सिमेंट-दगडाने मजबूत झाले हे खरे. पण खांड पडली की आता टोपली घेऊन धावण्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. आणि उधाण निविदेची वाट पाहत नाही.

तरीही खारेपाटातल्या काही गावांत, शहापूर-धेरंडच्या पट्ट्यात, लोक बांधाला चिकटून राहिले. याचे एक कारण मला त्यांच्या घरामागच्या तळ्यांत दिसते. ही तळी जिताड्याची. गोव्याचा चोणक तोच इथला जिताडा. पावसाळ्यात खाडीतून आणि ओहोळांतून त्याची पिल्ले धरून तळ्यात सोडायची; सोबत लहान मासे आणि कोळंबी. जिताडा ती खाऊन वाढतो. काही जण रोहू-कटलाही सोडतात. पाहुणा आला, लग्न ठरले, मुलीला आईपण लागले, की तळ्यात जाळे पडते. उरलेला बाजारात जातो आणि चांगला भाव घेतो. आता जिताड्याला खारे पाणी बाधत नाही, गोडेही बाधत नाही. मग त्याच्या मालकाने बांधाची काळजी का करावी? कारण खांड पडून शेतातून पाणी तळ्यावर चढले की रोहू मरतो आणि जिताडा सरळ खाडीत निघून जातो. भात एका हंगामापुरते बुडते. तळ्यातला तीन वर्षांचा मासा एका रात्रीत जातो. मानशीवरचा ठेकेदार वाहत्या माशावर जगतो, म्हणून त्याला वाहते दार हवे. जिताडेवाल्याचा मासा कोंडलेला असतो, म्हणून त्याला बांध हवा. मासळी म्हटली की ती भाताच्या मुळावर येणारच, असे जे सरसकट बोलले जाते ते यासाठी मला पटत नाही.

एक विसंगती इथे सांगितली पाहिजे. बांधाबाहेरची खारफुटी शेतकरी पूर्वीपासून राखत आला. पण खांड बुजवली गेली नाही की खारफुटी आतही उगवते आणि पाच-सात वर्षांत शेताचे रान होते. 2005 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी खारफुटीला संरक्षण आहे, आणि ते हवेच होते. नाहीतर मुंबईच्या खाड्या केव्हाच बुजल्या असत्या. पण ज्याचा बांध सरकारने वेळेवर दुरुस्त केला नाही त्या शेतकऱ्याला आपल्याच सातबाऱ्यावरच्या झाडाला हात लावता येत नाही. संवर्धनाचा हा अर्थ त्याच्या गळी कसा उतरावा?

देशाच्या दुसऱ्या बाजूला, आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, हेच प्रश्न मोठ्या पैशाच्या खेळात विचारले गेले होते. 1990 नंतर तिथे टायगर कोळंबीची तळी हजारो हेक्टरवर पसरली. ना भात, ना भौंस. पंपाने खाडीचे पाणी घ्यायचे, खाद्याने आणि विष्ठेने नासलेले पाणी त्याच खाडीत सोडायचे. शेजारच्या भातशेतीत आणि विहिरींत खार उतरला. ग्रामस्वराज्य चळवळीतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 11 डिसेंबर 1996 रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धती मात्र त्यातून वगळल्या. भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्या खाजणासारख्या, केरळच्या पोक्कळीसारख्या आणि बंगालच्या भेरीसारख्या पद्धती, म्हणजे अनाडी म्हणून हिणवलेली शेती, न्यायालयाला निरुपद्रवी वाटली.

निकालाने तळी फारशी हटली नाहीत. 2005 साली संसदेने किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा करून त्यांना नोंदणीच्या चौकटीत घेतले. पण पाण्याच्या वापरात फरक पडला, आणि तो पाडणारा न्यायाधीश नव्हता. 1994 पासून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू या तळ्यांत शिरला होता. तो खेकड्याबरोबर येई, पक्ष्याच्या चोचीतून पडलेल्या कोळंबीबरोबर येई, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याने सोडलेल्या पाण्याबरोबर येई. रोगट तळे रिकामे करण्याची जुनी सवय अशी की मेलेला माल दिसताच फळी काढायची आणि सगळे खाडीत सोडून मोकळे व्हायचे. खालच्या तळ्याचा पंप तेच पाणी वर ओढी. आठवड्याभरात अख्खी खाडी झोपे. ज्यांचे कर्ज या खाडीत बुडाले त्या शेतकऱ्यांनी मग रोजचे पाणी बदलणे सोडले, बाहेरचे पाणी आधी साठवण तळ्यात घेऊन ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करणे धरले, भोवती खेकड्यांसाठी कुंपण आणि वर पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणल्या. पाणी कमी लागू लागले, खाडीत घाण कमी जाऊ लागली. पर्यावरणवाद्यांनी जे मागितले होते त्यातले बरेचसे एका विषाणूने घडवून आणले, हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

पण एकट्याने काटेकोर राहून भागत नव्हते, कारण खाडी सामाईक. 2000 नंतर सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने एका आंतरराष्ट्रीय मत्स्यशेती संस्थेबरोबर पश्चिम गोदावरीतल्या मोगलतुरूसारख्या गावांत एका खाडीवरच्या शेतकऱ्यांचे गट बांधले. 2007 साली त्यांच्यासाठी एक राष्ट्रीय केंद्रही निघाले. हे शेतकरी बहुतेक एक-दोन तळ्यांचे मालक, अनेकदा भाड्याच्या जमिनीवरचे. गटाचे नियम साधे होते. बीज सगळ्यांनी मिळून तपासून घ्यायचे आणि एकाच आठवड्यात सोडायचे. तपासणीचा खर्च वाटून घ्यायचा. रोग दिसला तर लपवायचा नाही. रोगट तळ्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचे नाही, आणि सोडण्याआधी खालच्या शेजाऱ्यांना निरोप धाडायचा: आमचे पाणी येते आहे, तुमचे पंप बंद ठेवा.